नारायण धारप : स्वतंत्र लेखक की रूपांतरकार?

रातराणी : धारपांना (१९२५–२००८) मराठी समीक्षेने कायम दाराबाहेर ठेवलं याचा मला राग आहे. मुंबई विद्यापीठातून बी. एस्सी. टेक. झालेल्या या माणसाने भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही लिहिल्या, तेही आयुष्यभर. वाचनालयांत त्यांची पुस्तकं हातोहात जायची, पण साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते.

कोरा कागद : राग समजतो. पण धारपांच्या 'लुचाई' शेजारी अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) ठेवा, 'शपथ' शेजारी त्याचीच 'इट' (१९८६). कथानकाचा सांगाडा सरळ तिकडचा आहे. उद्या कुणी मराठी कादंबरीचं असं केलं तर आपण गप्प बसू?

पिंपळपान : सांगाडा तिकडचा, मान्य. पण अंगावर काटा सांगाड्याने येत नाही. 'आजी' ही कथा किंगच्या 'ग्रॅमा'वरून आली. आई जखमी भावाच्या मागे गेलेली, घरात मुलगा एकटा आणि आतल्या खोलीत म्हातारी. आपल्याकडे आजीच्या कुशीत शिरायचं असतं, इथे तिच्याच खोलीकडे पाय वळत नाहीत! दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३मध्ये मित्राच्या तोंडून धारपांची गोष्ट ऐकली, ती त्यांच्या डोक्यातून गेलीच नाही आणि २०१८मध्ये त्यांचा 'तुंबाड' हा चित्रपट आला.

कोरा कागद : एकटा मुलगा, जखमी भाऊ, म्हातारी, सगळं किंगचंच की! मग धारपांचं काय उरलं?

पिंपळपान : भाषा. घरातल्या माणसांचं बोलणं. ते उपरं वाटलं असतं तर बर्वेंच्या मित्राने ती गोष्ट सांगितलीच नसती.

दिवेलागण : तुम्ही दोघं रूपांतरांवरच अडलात. समर्थकथा घ्या ना, म्हणजे अघटिताशी झुंजणाऱ्या समर्थ नावाच्या साधकाच्या धारपांच्या गोष्टी. अप्पा जोशींसारखा साधा माणूस सांगतोय, त्यामुळे अघटितावर आपला चटकन विश्वास बसतो. 'सेलम्स लॉट'मध्ये किंगच्या धर्मगुरूची श्रद्धा डळमळते आणि हातातला क्रॉस निष्प्रभ होतो. समर्थांचं बळ साधनेतून आलेलं, ते ढळत नाही. आणि 'नेनचिम'सारख्या विज्ञान कादंबरीबद्दल तर कुणी बोलतच नाही.

कोरा कागद : समर्थ आले की माझी भीती संपते. हा माणूस हरणार नाही हे ठाऊक असल्यावर धाकधूक कसली?

रातराणी : मला समर्थ येण्याआधीची पानं छळतात. घरात काहीतरी बिनसलंय आणि कुणालाच त्याचं नाव घेता येत नाही, ते धारपांइतकं मराठीत कुणाला जमलंय? श्रेयाबाबत मात्र मी तुमच्या बाजूने. रूपांतर असेल तिथे प्रत्येक नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर मूळ लेखकाचं नाव असावं. धारपांचं त्याने काही कमी होत नाही.

कोरा कागद : एवढं झालं तर माझी अर्धी तक्रार मिटली. उरलेली अर्धी समर्थांबद्दलची, ती कायम आहे.