पीजीचा थिसिस वॉर्डाच्या कामी यायला हवा की नको?

लेबर_रूम_सिस्टर

सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची बारा वर्षं लेबर रूमची इन्चार्ज होते. आता रिटायर झालेय. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एकाच ठिकाणचं नाही असं मला वाटतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पीजी मुलीचा, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरचा, थिसिस (पदवीसाठी करायचा अभ्यास) होता. बाळ बाहेर आलं की बाळंतिणीखाली प्लॅस्टिकची चादर सरकवायची. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. किती रक्त गेलं ते त्या खुणांवर वाचायचं. तोवर आम्ही काय करत होतो? चादर बघायची, भिजलेले मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) बघायचे आणि केसपेपरवर '२०० एमएल' लिहायचं. बहुतेक सगळ्यांच्या केसपेपरवर २००.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आली, तिसरं बाळंतपण. वार पडली, सगळं ठीक वाटत होतं. मी मनात तीनशे धरले होते. पिशवी उजेडात धरली तर रक्त साडेपाचशेच्या खुणेवर होतं. बाईचा चेहरा अजून बदललेला नव्हता, नाडी थोडी जलद एवढंच. माझ्या नजरेवर सोडलं असतं तर ती बाई अर्ध्या तासानंतर, पांढरी पडल्यावर कळली असती. त्या रात्री घरी जाताना, आधीच्या वीस वर्षांत किती जणींच्या बाबतीत नजर चुकली असेल, हाच विचार डोक्यात होता.

वर्षभर पिशवी वापरली. पाचशेची खूण ओलांडली की हाक मारायची, ट्रे तयार, गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ही रक्त थांबवायची औषधं. पुढे त्या पीजी मुलीची परीक्षा झाली. थिसिस बांधून नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे गेला, एक प्रत डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटात गेली. पिशव्या तिने आणि तिच्या गाईडने मिळून आणलेल्या होत्या, त्या संपल्या. मी इंडेंट (मागणीचा कागद) पाठवला, तो स्टोअरमधून 'उपलब्ध नाही' असा शेरा मारून परत आला. दोन महिन्यांत केसपेपरवर पुन्हा २००.

ही पिशवी काही आमचा शोध नाही. ती बेळगावची. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने आसपासच्या खेड्यांत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास केला, त्यात रक्त अचूक मोजता यावं म्हणून ती बनवली. १,६२० बायका होत्या. गोळी मिळालेल्यांत जास्त रक्तस्राव ६.४ टक्के जणींना, न मिळालेल्यांत १२ टक्के. २००६ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्याच सुमारास पिशवी आणि नजर यांची तुलना झाली, त्यात नजरेचा अंदाज तेहतीस टक्के कमी भरला. मग २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांचा मोठा अभ्यास आला. तिथे अशीच पिशवी आणि सोबत ठरलेले उपचार एकदमच सुरू करायचे, असं होतं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या पद्धतीच्या हॉस्पिटलांत ४.३ टक्के आणि या हॉस्पिटलांत १.६ टक्के.

बेळगावची कल्पना आफ्रिकेत जाऊन बायका वाचवते आणि आमच्या लेबर रूममधून ती पीजीच्या सामानाबरोबर निघून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) पास करताना एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, एक प्रश्न विचारावा : मागच्या वर्षीच्या थिसिसमधून वॉर्डात काय उरलं? आणि ज्या थिसिसमध्ये उपयोगाचं काही सापडलं, त्याला लागणाऱ्या वस्तू पुढच्या वर्षीच्या खरेदीत लावाव्यात.

जेआर_टू

सिस्टर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही.

मी मेडिसिनला जेआर, म्हणजे पीजी करणारा निवासी डॉक्टर आहे. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला आत शिरतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडतो. वॉर्डात साठ पेशंट, त्यातले पंधरा जमिनीवर गादी टाकून. रात्री दोन सिस्टर. सलाईन संपलं हे नातेवाईक येऊन सांगतात तेव्हा कळतं. तिथे तुम्ही म्हणता, थिसिसने वॉर्ड सुधारावा. वॉर्डाला काय हवंय हे सांगायला संशोधन कशाला लागतं? माणसं हवीत, हे वॉर्डबॉय मामासुद्धा सांगेल.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात २४ तासांत २४ जण गेले, त्यातली १२ नवजात बाळं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा सगळा महाराष्ट्र औषधं, बेड आणि रिकाम्या जागांबद्दल बोलत होता. थिसिसचा विषय चुकला म्हणून असं झालं, असं कोणीही म्हटलं नाही.

आणि 'गुणवत्ता सुधारणा' मी जवळून पाहिलीय. आमच्याकडे हात धुण्याचं रजिस्टर आहे. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी एका इंटर्नला बसवून महिन्याभराच्या टिकमार्क भरून घेतल्या. तो लिहीत होता तेव्हा मागच्या बेसिनला पाणी नव्हतं. आता थिसिसचाही हिशोब मागितलात, तर आणखी एक रजिस्टर वाढेल आणि ते भरणारा पुन्हा जेआरच असेल.

लेबर_रूम_सिस्टर

डॉक्टर, रजिस्टरचं तुम्ही सांगितलंत ते शंभर टक्के खरं आहे. पण पिशवीने माझं काम वाढलं नाही, कमी झालं. लवकर कळलं की धावपळ दहा मिनिटांची असते. उशिरा कळलं की रक्तपेढी, ओटी, भूलतज्ज्ञ, नातेवाइकांचा आरडाओरडा, सगळी रात्र जाते आणि लेबर रूममधल्या बाकीच्या पाच जणींकडे बघायला कोणी उरत नाही. माणसं कमी आहेत म्हणूनच नजर चुकते, आणि म्हणूनच मला खुणा हव्यात.

रानवाट

मी डॉक्टर नाही. पेशंटचा भाऊ म्हणून लिहितोय.

एप्रिल २०२१. थोरला भाऊ कोविडने एका मोठ्या हॉस्पिटलात, शिकाऊ डॉक्टर असतात तशा. रात्री साडेअकराला फोन : कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा आणा. मी मोटरसायकलवर पुणे पालथं घातलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर भावाचं नाव, रक्तगट, बेड नंबर फिरत होता. कोविड होऊन गेलेल्या अनोळखी लोकांना रात्री दोन वाजता फोन करून विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी प्लाझ्माची पिशवी मिळाली. पाचव्या दिवशी दादा गेला.

नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांकडून कळलं की प्लाझ्माचा उपयोग होत नाही हे आपल्याच देशात सहा महिने आधी सिद्ध झालं होतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर अभ्यास केला होता. प्लाझ्मा दिलेल्यांत आजार बळावला किंवा मृत्यू झाला अशांचं प्रमाण १९ टक्के, न दिलेल्यांत १८. ऑक्टोबर २०२० मध्ये ते छापून आलं. सरकारी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा काढला मे २०२१ मध्ये. माझा भाऊ मधल्या महिन्यांत आजारी पडला.

म्हणून मला संशोधन वाढवा, थिसिस सुधारा, हे ऐकलं की संताप येतो. संशोधन झालेलं होतं. चांगलं झालं होतं. ते वॉर्डातल्या डॉक्टरने वापरलं नाही, आणि मला ते तीन दिवस दादाजवळ, निदान त्या इमारतीच्या खाली तरी, थांबता आलं नाही. आधी जे माहीत झालंय ते पाळा.

आकडेमोड

रानवाट, तुमच्या दादांबद्दल वाचून काय बोलावं कळत नाही. तुमचा राग योग्य जागी आहे.

मी मेडिकल कॉलेजात बायोस्टॅटिस्टिक्स शिकवतो, रोज दोन-चार पीजी थिसिसचे आकडे घेऊन येतात. मला सिस्टरांच्या सूचनेवर वेगळ्याच कारणाने आक्षेप आहे. एकट्या पीजीच्या थिसिसमध्ये साठ-सत्तर पेशंट असतात. त्यावरून वॉर्डाची पद्धत बदलणं धोक्याचं आहे. साठ पेशंटमध्ये योगायोगानेही फरक दिसतो, आणि खरा फरक असून दिसत नाही असंही होतं. असे शंभर छोटे थिसिस, शंभर वेगळे प्रश्न, आणि उत्तर एकाचंही नाही.

त्याऐवजी एक प्रश्न घ्यावा आणि दहा कॉलेजांनी मिळून सोडवावा. इंग्लंडने कोविडमध्ये तेच केलं. मार्च २०२० मध्ये साध्या, छोट्या फॉर्मवर अभ्यास सुरू केला, नेहमीच्या हॉस्पिटलांत, नेहमीच्या डॉक्टरांनी. जूनमध्ये जगाला कळलं की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. औषध स्वस्तातलं, आपल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत असणारं. महाराष्ट्रात एवढी मेडिकल कॉलेजं एकाच विद्यापीठाखाली आहेत, आपल्याला हे सहज जमावं. प्लाझ्माचा अभ्यासही तसाच ३९ हॉस्पिटलांनी मिळून केला होता, म्हणून तर त्याचं उत्तर भक्कम होतं.

पीजी_गाईड

वीस वर्षं गाईड आहे, बालरोग विभागात. सिस्टर आणि आकडेमोड, दोघांशीही माझा मतभेद आहे.

थिसिस ही विद्यार्थ्याची शिकण्याची वही आहे. प्रश्न कसा मांडायचा, आधीचं वाचायचं कसं, संमती कशी घ्यायची, आपलं म्हणणं चुकीचं निघालं तर ते लिहायचं कसं, हे त्यातून येतं. दहा कॉलेजांच्या मोठ्या अभ्यासात माझा विद्यार्थी फक्त फॉर्म भरणारा होईल. त्याला प्रश्न सुचणारच नाही.

आणि 'वॉर्डात काय उरलं' असं विचारलंत की मला भीती वाटते ती वेगळीच. ज्या दिवशी सिनॉप्सिस सुधारणेवर पास होऊ लागेल, त्या दिवसापासून प्रत्येक थिसिसमध्ये सुधारणा दिसू लागेल. हात धुण्याच्या रजिस्टरसारखीच. माझ्या एका विद्यार्थिनीचा थिसिस 'काही फरक पडला नाही' असा निघाला. ती रडत माझ्याकडे आली, परीक्षक नापास करतील म्हणून. मी तो निष्कर्ष तसाच ठेवायला लावला. उद्या तिला वॉर्डाचा हिशोबही द्यावा लागला तर ती तसाच ठेवेल का?

लेबर_रूम_सिस्टर

सर, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो खरा आहे. मी प्रश्न बदलते. 'काय सुधारलं' नको, 'काय कळलं आणि ते वॉर्डाला कोणी सांगितलं' असं विचारावं. फरक पडला नाही हेही आम्हाला सांगा, आम्ही ते करणं बंद करू. रानवाटांचं दुःख तेच तर आहे. आमच्या त्या थिसिसचा निकाल मला कपाटातली प्रत उघडून वाचावा लागला. सगळं मोजमाप आम्ही केलं होतं, पण डिपार्टमेंटमध्ये प्रेझेंटेशन झालं तेव्हा लेबर रूमच्या एकाही सिस्टरला बोलावलं नव्हतं.

चौकट

बेळगावच्या अभ्यासाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारते. त्या १,६२० पैकी जवळपास निम्म्या बायकांना नुसती औषध नसलेली गोळी दिली होती. त्यांच्यातल्या १२ टक्के जणींना जास्त रक्त गेलं. त्या बायका खेड्यातल्या, गरीब. शहरातल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात असा अभ्यास करायला कोणी धजावलं असतं का? सरकारी हॉस्पिटलात पेशंट मोफत उपचारासाठी येतो, समोर जो कागद येईल त्यावर अंगठा देतो. ती संमती मी संमती मानत नाही.

आकडेमोड

प्रश्न रास्त आहे आणि तो तेव्हाही विचारला गेला होता. त्या वेळी तिथल्या खेड्यांत बाळंतपण करणाऱ्या एएनएमच्या (गावातल्या नर्सच्या) हाती रक्तस्राव टाळायचं औषधच नव्हतं, इंजेक्शन द्यायची परवानगी नव्हती. म्हणजे कोणाकडून काही काढून घेतलं नाही. आज तोच अभ्यास तसा करता येणार नाही, आणि करूही नये, कारण आता उत्तर माहीत आहे.

चौकट

काढून घेतलं नाही हे मान्य. पण हाताशी असलेलं दिलंही नाही. मी हा मुद्दा सोडणार नाही. २०१३ मध्ये अभ्यासात इजा झालेल्यांच्या नुकसानभरपाईचे नियम आले, २०१९ मध्ये औषध-चाचण्यांचे नवे नियम आले, तेही लोक सुप्रीम कोर्टात गेले म्हणून. ते आपोआप आले नाहीत.

रानवाट

चौकट यांच्याशी सहमत. दादाच्या वेळी माझ्याकडूनही एका रात्रीत चार सह्या घेतल्या. कशावर, ते आजही सांगता येणार नाही.

जेआर_टू

माझं मत अजून तेच आहे. आधी रिकाम्या जागा भरा, मग थिसिसचं बघू. पण माझी बॅचमेट गायनॅकला आहे, तिला हा धागा वाचून दाखवला. त्यांच्याकडेही पिशव्या नाहीत आणि यंदा येण्याची शक्यताही नाही. ती विचारतेय : भिजलेले मॉप वजनकाट्यावर ठेवून अंदाज घेता येईल का? एक ग्रॅम म्हणजे साधारण एक एमएल, असं धरून.

लेबर_रूम_सिस्टर

येईल, आम्ही पिशव्या संपल्यावर काही दिवस केलं होतं. तिला सांगा, बाळाचा काटा वापरू नको, स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा वेगळा ठेव आणि त्यावर प्लॅस्टिक घाल. कोऱ्या मॉपचं आणि कोऱ्या चादरीचं वजन आधीच करून काट्याच्या वरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत चिकटव, कारण रात्री दोन वाजता कोणी वजाबाकी शोधत बसत नाही. लघवी आणि पाणी मिसळलेलं कापड बाजूला काढ, नाहीतर आकडा फसवतो. आणि काटा टेबलापासून दोन पावलांवर असू दे. आमचा खिडकीपाशी होता, त्यामुळेच ते बंद पडलं.