अडचण गणिताची की शब्दांची?

सहावी-सातवीत मुलं ऋण संख्यांपाशी अडखळतात ती पाया कच्चा म्हणून, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आमच्या गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. लसावि-मसावि जिभेवर बसायच्या आत एलसीएम-एचसीएफ होतात, अंश-छेदांचे न्यूमरेटर-डिनॉमिनेटर.

म्हापशाला शेजारची एक मुलगी सातवीत असताना माझ्याकडे बसायची. −३ − (−५) चं उत्तर तिने −८ काढलं. 'मायनस मायनस प्लस' हे तिला पाठ होतं, पण कुठे लावायचं ते कळत नव्हतं. मी विचारलं, खिशात ४ रुपये आहेत आणि दुकानदाराचं ७ रुपये देणं आहे, तर तुझी स्थिती काय? म्हणाली, उणे ३. आता त्याने ५ रुपयांचं देणं सोडून दिलं तर? थोडं थांबून म्हणाली, 'माझेच २ उरले!' ऋण म्हणजे कर्ज हे तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन-ऋणाचे नियम मांडले ते याच शब्दांत, आणि आपण नेमका तोच शब्द पाचवीला काढून घेतो.

बीजगणिताचंही तसंच. क्ष ऐवजी एक्स आल्याने काही बिघडत नाही, पण 'पाचाने कमी' आणि 'पाचातून कमी' यांतला फरक घरच्या भाषेत आधी पक्का करून घ्या. x − ५ आणि ५ − x मधला घोळ तिथेच सुटतो.