राहण्याजोग्या शहरांची क्रमवारी ठरते कशी?

प्रश्न: व्हिएन्ना अशा याद्यांमध्ये वारंवार अग्रस्थानी दिसते; पण सुरक्षितता, हवामान, शाळा अशा परस्परभिन्न गोष्टींची बेरीज करून एकच आकडा काढतात तरी कसा?

प्रतिसाद १: इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट ही संशोधन संस्था १७३ शहरांना पाच गटांत गुण देते. स्थैर्य आणि संस्कृती-पर्यावरण यांना प्रत्येकी २५ टक्के, आरोग्यसेवा व पायाभूत सुविधांना प्रत्येकी २०, तर शिक्षणाला अवघे १० टक्के भारांक (एकूण गुणांतील वाटा) असतो. हे भारांक माणसांनीच ठरवलेले आहेत. ते थोडे हलवले, तरी जवळजवळ सारखे गुण असलेली शहरे वरखाली होऊ शकतात.

प्रतिसाद २: मर्सर या सल्लागार कंपनीची यादी तर मुख्यतः परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवताना कंपन्यांना उपयोगी पडावी म्हणून केली जाते, हे विसरू नये. प्रतिसाद १ मधल्या यादीत राहणीमानाचा खर्च धरलेलाच नाही. त्यामुळे निम्मा पगार घरभाड्यात घालवणाऱ्याची ओढाताण तिच्यात दिसत नाही, आणि उखडलेल्या पदपथावरून आईची चाकाची खुर्ची ढकलत बसथांबा गाठणाऱ्या मुलीचा दिवसही शहराच्या सरासरीत हरवतो. मला हे फार खटकते.

प्रश्नकर्ता: शिक्षणाला दहाच टक्के, हे वाचून धक्का बसला. घरात शाळकरी मुले असताना मी एकूण क्रमांक बाजूला ठेवून गटवार गुणच आधी पाहीन.