कार्ब्युरेटरवाली ८०० ठेवू की बीएस६ डिझेल घेऊ?

गुहागरकर:
वडिलांनी घेतलेली १९९७ची मारुती ८०० आहे. आजही पहिल्या सेल्फला चालू होते. समुद्र हाकेवर, त्यामुळे पत्रा खालून खाल्लाय. रोज दुकानाला जाऊन-येऊन आठ किलोमीटर, महिन्यातून एकदा चिपळूण. मुलगा म्हणतो, बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घ्या. मला धास्ती सेन्सरांची. इथे गाडी बंद पडली तर बघणार कोण?

चिपळूणचा मिस्त्री:
दादा, पंचवीस वर्षं याच धंद्यात आहे. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन मला फार प्रिय. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, एवढंच बघायचं. कार्ब्युरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचा) जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, फुंकला, डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप पुसली की झालं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर आलेल्या जुन्या गाड्यांचे प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं, दोनदा ऑइल बदललं. बऱ्याच चालू झाल्या. नव्या गाड्यांचं वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गाळाने गेलं ते गेलंच.

तरी नवं इंजिन वाईट असं मी म्हणणार नाही. स्कॅनर लावला की बिघाडाचा माग लागतो. वैशाखात घाट चढताना तापलेल्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून थांबावं लागत नाही.

तुमच्यासाठी अडचण आहे ती डिझेलच्या डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. त्यातली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं. तुमचं इंजिन तापायच्या आत दुकान येतं. मग काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. असंच थोडं थोडं फिरणारी एक गाडी माझ्याकडे आली, ऑइल डिपस्टिकच्या खुणेच्या बोटभर वर आणि पाण्यासारखं पातळ. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल घ्या. आणि ८०० चालवण्याआधी जॅक लावायच्या जागा तपासा.

मालवणचो:
मिस्त्रींचं पटलं. खाऱ्या वाऱ्याने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, माझ्या गाडीचा सेन्सर चांगला असूनही दोनदा बदलला गेला. पिना आधी साफ करायला सांगा.

गुहागरकर:
आज जॅक लावला, पत्र्यातच घुसला. गाडी अंगणात उभी केली. मुलाला पेट्रोल बघायला सांगितलंय. मिस्त्री, ८००चं इंजिन तेवढं उतरवून जपून ठेवता येईल का?

चिपळूणचा मिस्त्री:
येईल. टेम्पोत घालून आणा. तोवर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा, सुकलं तर जेट धरतात.