सहावीला एमवायपी: ओळख करून देताना शाळा अर्धंच सांगतात

अंधेरीची_आई:
माझं मत आधी सांगते, मग भांडा. एमवायपी हा चांगला कार्यक्रम आहे पण तो अवघड आहे, आणि मुंबईतल्या शाळा पालकांना त्याची ओळख करून देताना नेमकं हे अवघड असणंच झाकून ठेवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही १९६८ मध्ये जिनिव्हाला सुरू झालेली संस्था, तिचा अकरावी-बारावीचा डिप्लोमा जुना आहे आणि सहावी ते दहावीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम, म्हणजेच एमवायपी, १९९४ चा. हल्ली अंधेरी, गोरेगाव, पवई, ठाणे, सगळीकडे पाचवीच्या पालकांना हॉलमध्ये बोलावून स्लाइड दाखवतात. हसरी मुलं, रोबोट, झाडं लावणारी मुलं, आणि विद्यार्थी कसा असावा त्याची दहा विशेषणं, जिज्ञासू, विचारी, धाडसी वगैरे. रुखवत मांडल्यासारखं, सगळं लांबून बघायचं. मग ते वाक्य येतंच, "आमच्याकडे परीक्षेचं टेन्शन नसतं", आणि आपण टाळ्या वाजवतो.

आता हिशोब बघा. आठ विषयगट, प्रत्येकाला वर्षाला कमीत कमी ५० तास. प्रत्येक विषयात चार निकष, प्रत्येक निकष ८ पैकी, आणि प्रत्येक निकष वर्षात कमीत कमी दोनदा तपासायचा. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाचं वर्षभरात किमान ६४ वेळा मोजमाप. एका टास्कमध्ये, म्हणजे गुण द्यायला दिलेल्या एका कामात, दोन-तीन निकष बसतात हे मान्य, तरी परीक्षेचं टेन्शन नाही म्हणजे नक्की काय नाही? तीन तासांचा पेपर नाही, एवढंच ना.

माझी मागणी साधी आहे. स्लाइड बंद करा. एकाच टास्कची दोन मुलांची कामं टेबलावर ठेवा, एकाला ३ मिळालेत, दुसऱ्याला ७, नावं झाकलेली, बाजूला निकषांचा कागद, आणि आम्हा पालकांना सांगा की का ते तुम्ही शोधा. नाहीतर आम्हालाच एक टास्क सोडवायला द्या. काड्यापेटीतल्या काड्या एका ओळीत लावून चौकोन करत जा, एका चौकोनाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०, तर नियम काय आणि शंभर चौकोनांना किती. मग तो नियम नेहमी का चालतो तेही लिहा. ३०१ उत्तर सगळ्यांचं येईल, पण "का" लिहायला बसलं की कळेल मुलं काय करतात ते.

बोरिवली_फास्ट:
ताई एवढं लिहिलंत पण मुद्द्याला बगल दिलीत, फी. पाच-सात लाख वर्षाला, वर बस, वर लॅपटॉप, वर ती परदेशी सहल. इतके पैसे घेऊन शाळा खरं सांगेल ही अपेक्षाच भाबडी आहे, तो हॉलमधला कार्यक्रम तुमची ओळख करून घेण्यासाठी असतो, कोणाचा खिसा किती खोल ते.

आणि मला कोणी सांगा, दहावीनंतर जेईई द्यायची असेल तर काड्यांचे चौकोन करून काय होणार? आमच्या बिल्डिंगमधली मुलं सहावीपासून जेईईच्या फाउंडेशन क्लासला जातात. एमएचटी-सीईटीला २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं आपल्या राज्य मंडळाचंच येतं. मग पाच वर्षं पोस्टर रंगवून अकरावीला एकदम रुईया किंवा साठ्येच्या वर्गात बसलं की पोरगं बावरणारच ना.

खडूवाली:
मी एमवायपीला विज्ञान शिकवते, त्यामुळे शाळेच्या बाजूने बोलते, शिव्या पडतील तर पडू देत.

६४ चा आकडा पहिल्याच संध्याकाळी सांगितला तर अर्धे पालक घाबरून उठतील आणि उरलेले दुसऱ्या दिवशी ट्यूशन शोधतील. आणि ट्यूशन लागली की हा कार्यक्रम मेला, कारण ट्यूशनवाला त्याच टास्कचं तयार उत्तर देतो. आम्ही लपवतो असं नाही हो, पालक ऐकतच नाहीत. दर वर्षी अर्धा तास निकष समजावून झाले की पहिला प्रश्न हाच, "मॅडम, ७ म्हणजे किती टक्के?"

तर घ्या, सांगते. चार निकषांची बेरीज ३२ पैकी. २८ पासून पुढे सगळ्यात वरची ७ ग्रेड, २४ ते २७ ला ६, १९ ते २३ ला ५, १५ ते १८ ला ४. म्हणजे २४ ला तुम्ही पंचाहत्तर टक्के म्हणून नाक मुरडाल आणि आमच्या लेखी ते उत्तम काम आहे. दुसरं म्हणजे वर्षअखेरीला आम्ही सरासरी काढत नाही. ऑगस्टमध्ये एखाद्या निकषात ८ पैकी २ वर असलेलं मूल मार्चपासून सातत्याने ६ चं काम करत असेल तर त्याला ६ देता येतो, जुनं ओझं त्याच्या डोक्यावर राहत नाही. एसएससीत पहिल्या चाचणीत झोपलेलं पोर वर्षभर तेच गुण वागवत फिरतं. हे सांगितलं की मात्र हॉलमध्ये कोणी टाळी वाजवत नाही.

आणि त्या "का" बद्दल. सहावीत नियम दुसऱ्या उदाहरणावर पडताळून दाखवला तरी पुरतं. तो का चालतो हे पटवून देणं वरच्या वर्गांत येतं. पालकांना सहावीचीच टास्क द्यायची तर नीट द्या.

अंधेरीची_आई:
खडूवाली, सरासरी काढत नाहीत ही इतकी मोठी गोष्ट आहे आणि आमच्या दोन तासांच्या कार्यक्रमात ती एका ओळीतही आली नाही. रोबोट मात्र तीनदा दिसला. पालक ऐकत नाहीत म्हणून सांगायचं नाही हे मला पटत नाही.

फीबद्दल: राज्याचा २०११ चा फी नियमन कायदा आहे, पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिथे बसा आणि भांडा. धागा फीचा नाही.

दादर_पश्चिम:
माझी मुलगी आठवीत आहे, एमवायपी. ज्यांनी अजून टाकलं नाहीये त्यांनी हे वाचा.

कार्यक्रम उत्तम आहे, कागदावर. डिझाइन विषयात आधी गरज शोधायची, मग कल्पना मांडायच्या, मग वस्तू करायची, मग तपासायची की जमली का, आणि प्रत्येक पायरीचं लिखाण. गेल्या टर्मला हिने आजीसाठी औषधांचा डबा केला, कल्पना हिचीच, छान होती, पण एलईडी आणि स्विच आणायला लोहार चाळीत मी गेलो, लाकूड कापून आणलं बायकोने, आणि रात्री अकरा वाजता फोटो अपलोड होत नाही म्हणून रडारड. त्याच आठवड्यात इतिहास-भूगोलाचा रिपोर्ट आणि गणिताची टास्क. शिक्षक एकमेकांशी बोलून तारखा लावतात असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एका वेळी किती टास्क येणार याचा तक्ता मी दोनदा मागितला, अजून बघतोय वाट.

आमचं घर वन बीएचके. ज्यांच्याकडे मुलाला वेगळी खोली आणि घरी असणारं एक माणूस आहे त्यांना हा अभ्यासक्रम झेपतो, बाकीच्यांना धावाधाव. तेव्हा पालकांना टास्क द्यायचीच तर काड्यांची नको, रविवारी रात्री दहा वाजता द्या, घरात टीव्ही चालू, पाहुणे आलेले, आणि सोमवारी सबमिशन.

खडूवाली:
दादर, एक स्पष्ट बोलू का, रागावू नका. लाकूड तुम्ही कापून आणलंत हीच अडचण आहे. डब्याचं फिनिशिंग वाकडं असतं तरी चाललं असतं, शेवटच्या निकषात "वाकडा का झाला" हे तिने स्वतः लिहिलं असतं तर तिथे गुण होते. सुतारकाम बघून गुण देत नाही आम्ही. तारखांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, ती शाळेची चूक, तिथे बचाव नाही.

दादर_पश्चिम:
हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर लोहार चाळीतला एक शनिवार वाचला असता. अंधेरीची_आई म्हणतायत ते हेच की.

गिरगाव_सोडलेला:
मराठी कुठे बसते त्यात? २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची, सगळ्या बोर्डांना, आंतरराष्ट्रीय सुद्धा, न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड. माझ्या भाचीच्या शाळेत आठवड्यातून एकदा मराठीचा तास, त्यात घरी मराठी बोलणारी आणि कधीच न बोलणारी मुलं एकत्र, "हा पोपट आहे" चालू आहे सातवीत. एमवायपीत भाषा शिकण्याच्या पायऱ्या आहेत म्हणे, इयत्तेनुसार नाही तर मुलाला किती येतं त्यावरून. मग ते फ्रेंचलाच का लागू? मराठी पालक हॉलमध्ये हा प्रश्न विचारत नाहीत, इंग्रजीत विचारावा लागेल म्हणून गप्प बसतात. मी स्वतः बघितलंय.

बोरिवली_फास्ट:
+१. पहिल्यांदाच या धाग्यावर कोणाशी सहमत.

पार्ले_पूर्व:
सगळे लाखांचंच बोलताय म्हणून आठवण करून देतो, महापालिकेनेही आमच्या विलेपार्ल्यात आयबीची आणि माटुंग्यात केंब्रिज बोर्डाची शाळा काढली. तिथे फीचा मुद्दाच संपतो. मग प्रश्न उरतो तो दादर यांचाच. ज्या घरात बाबा बारा तासांची ड्यूटी करून येतो आणि आई दोन ठिकाणी स्वयंपाकाला जाते, तिथे या अभ्यासक्रमाची ओळख कशी करून देणार? दहा विशेषणांची स्लाइड तिथे काही कामाची नाही. मराठीत बोलून, मुलाचं काम समोर ठेवून, संध्याकाळी सात नंतर. मला तर वाटतं असं करायचं झालं तर पालिकेची शाळाच आधी करेल, महागड्यांना गरज नाही, त्यांच्याकडे वेटिंग लिस्ट आहे.

अंधेरीची_आई:
बोरिवली, तुमचा जेईईचा मुद्दा मी टाळला असं वाटायला नको. ज्याचं ठरलंय की आयआयटी किंवा सीईटीच, त्याने एमवायपी घेऊ नये असं मी तोंडावर सांगेन, आणि शाळेनेही सांगावं. पण अकरा वर्षांच्या मुलाचं काय ठरलंय? त्याचं नाही, आपलं ठरलंय.

आणखी एक गोष्ट ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असते. मुंबईतल्या बऱ्याच शाळा एमवायपी आठवीपर्यंतच चालवतात आणि नववी-दहावीला आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजचा दहावीच्या पातळीचा अभ्यासक्रम, देतात. आयबीला ते चालतं, कार्यक्रम कमी वर्षांचा ठेवता येतो. पण मग शेवटच्या वर्षाचं पर्सनल प्रोजेक्ट, जे मूल स्वतःचा विषय घेऊन महिनोन्महिने करतं आणि ज्याचे गुण आयबी बाहेरून पडताळते, ते तुमच्या मुलाच्या वाट्याला येतच नाही. स्लाइडवर मात्र पर्सनल प्रोजेक्टचेच फोटो. जिथे दहावीपर्यंत आहे तिथेही स्क्रीनवरची ई-असेसमेंट ऐच्छिक आहे, ५६ पैकी गुण, प्रमाणपत्राला २८ लागतात. शाळा ती घेते का, आणि अकरावीला इथल्या कॉलेजात जायचं झालं तर दहावीच्या बरोबरीचा कुठला कागद हातात मिळणार, हे लेखी विचारा. तोंडी "हो हो होतं सगळं" वर जाऊ नका.

दादर_पश्चिम:
आमचं आठवीपर्यंतच आहे. नववीला आयजीसीएसई. हे आम्हाला सातवीच्या शेवटी कळलं. बोला.

खडूवाली:
आठवीनंतर बदल वाईटच असतो असं नाही, पेपर लिहायची सवय लागते. पण आधी सांगायला हवं, यात वाद नाही.

ताई, तुमच्या टेबलावरच्या ३ आणि ७ बद्दल मात्र माझा ठाम विरोध. नाव झाकलं तरी पालक संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर अक्षर ओळखून सांगतील की ३ वाला कोणाचा. त्या मुलाचं काय?

अंधेरीची_आई:
मग खऱ्या मुलाचं नकोच. तुम्ही शिक्षकांनी बसून दोन नमुने तयार करा, एक ३ चा, एक ७ चा, टाइप करून. तासाभराचं काम आहे.

खडूवाली:
तासाभराचं? ३ चं खोटं काम लिहिणं किती कठीण असतं करून बघा, आपल्या हातून ते एकतर १ चं होतं नाहीतर ५ चं. पण ठीक आहे, पुढच्या पालकसभेत काड्यांची टास्क ठेवायची का ते आमच्या कोऑर्डिनेटरला विचारते. पालक मध्येच उठून गेले तर जबाबदारी तुमची.

गिरगाव_सोडलेला:
टास्कचा कागद मराठीतही छापा.

बोरिवली_फास्ट:
बाहेरच्यांना येऊ देत असाल तर मी येतो काड्या घेऊन. मुलगा फाउंडेशनलाच जाणार, ते सोडा, पण ३०१ चं "का" मला कालपासून लिहिता येत नाहीये.