मदत हवी आहे : ‘त्रिंकोमाली’ जहाजाच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) फळ्या कशा बसवाव्यात?

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलेल्या, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेल्या आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेल्या ‘एचएमएस त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची १:९६ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती मी करीत आहे. (सागाचे रेषे एवढ्या लहान प्रमाणात फार ठळक दिसतात, म्हणून शिवण या झाडाचे लाकूड वापरले आहे.) ब्लेंडर या त्रिमितीय आराखड्याच्या संगणक प्रणालीमध्ये सांगाडा नीट जुळला, परंतु प्रत्यक्षात एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवूनही नाळेच्या गोलाईवर त्यांची खालची कड उचलली जाते. पट्ट्या आधी टोकाकडे निमुळत्या तासून मग वाकवाव्यात की उलट? शिवाय संगणकावरील वक्र पृष्ठभाग सपाट उलगडून प्रत्येक फळीचा कागदी नमुना काढण्याची खात्रीची पद्धत जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावी.