चिंता टाकायची, मग काळजीचं काय?

शब्दवेडी: बाबांचं डायलिसिस चालू आहे आणि चर्चमधले लोक प्रार्थनेला येतात, खूप आधार वाटतो, पण जाताना सगळे "चिंता करू नका, देवावर सोपवा" म्हणतात आणि चपला घालता घालता "काळजी घ्या हं". बायबलमध्ये १ पेत्र ५:७ (पेत्राच्या पहिल्या पत्रात) पण तेच, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो. दोन्ही शब्दांत नक्की फरक काय? आणि मला रात्री झोप लागत नाही म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

नगरी: मूळ ग्रीकमध्येही तिथे दोन वेगळे शब्द आहेत, चिंतेला मेरिम्ना आणि काळजी घेतो ला मेलेई. मराठीत काळजी वाटते, लागते, करतो आणि घेतोसुद्धा, 'घेणे' लागलं की जीव जळण्याऐवजी हातपाय हलायला लागतात, म्हणजे औषधं, पथ्य, रिपोर्ट वगैरे. चिंता कोणी 'घेत' नाही. (टेन्शन मात्र घेतो 😄)

वसईवाला: चिंता वाईट न् काळजी चांगली असं सरळ नाही हो. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (फिलिप्पै ४:६) चिंताक्रांत होऊ नका म्हणताना प्रेषित पौल जे ग्रीक क्रियापद वापरतो तेच त्याने २:२० मध्ये आपला सहकारी तीमथ्य याच्या कौतुकात वापरलंय, की तुमची खरी काळजी करील असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. एकाच पत्रात! आणि हे पत्र तो कैदेतून लिहितोय, एपफ्रदीत नावाचा माणूस त्याच्या मदतीला आला होता तो आजारी पडून मरणाच्या दारात गेला होता, तर पौल म्हणतो देवाने त्याच्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. त्याला परत पाठवतोय तेव्हासुद्धा म्हणतो की माझं दुःख थोडं कमी होईल. म्हणजे अजून आहेच की. त्यामुळे झोप लागत नाही म्हणून विश्वास कमी हे गणित मला तरी पटत नाही, आणि घरी येऊन असं कोणी सुनावत असेल तर त्यांना आधी दुसरा अध्याय वाचायला द्या.

शब्दवेडी: हे माहीतच नव्हतं, थँक्स. पण मग 'टाका' का? 'सोडा' का नाही?

नगरी: सोडलं की ते कुठेही जाईल, टाकायला कोणीतरी समोर लागतो. लूक १९:३५ मध्ये येशूला बसवायला शिष्यांनी शिंगरावर आपली वस्त्रं टाकली तिथेही ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर.

वसईवाला: आणि टाकून झाल्यावर माणूस बेफिकीर होत नाही, पुढच्याच ओळीत पेत्र 'सावध असा, जागे राहा' म्हणतो. निश्चिंत चालेल, निर्धास्त नको.